बाहेरचं माप तेच

सहा इंची पाइप घ्या, त्याला हवी तिथे पट्टी लावा, आणि मला सहा इंच काढून दाखवा. नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. तो बिचारा अर्धा तास पाइपाभोवती घिरट्या घालतो आणि घाम पुसत परत येतो. बाहेरून मोजलं तर एकशे अडुसष्ट पॉइंट तीन एम.एम., म्हणजे साडेसहाच्याही वर. आतून मोजलं तर कधी सहाच्या जरा पुढे, कधी जरा मागे. सहा कुठेच नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

"मग याला सहा का म्हणतात?" असं हमखास विचारतात.

"तुला घरी शहाणा म्हणतात ना? तसंच," मी सांगतो.

खरं उत्तर एवढंच, की फार पूर्वी पाइपाचा पत्रा जाड असायचा आणि आतली पोकळी साधारण नावाएवढी भरायची. पुढे लोखंड सुधारलं, पत्रा पातळ झाला. पण जुन्या जोडांत नवा पाइप बसला पाहिजे म्हणून बाहेरचं माप कुणी हलवलं नाही. ते आजही हलत नाही. जाडी वाढवायची तर ती आत वाढते, आणि तीही मनाला येईल तशी नाही. तिचे ठरलेले टप्पे आहेत, त्यांना शेड्यूल म्हणतात. शेड्यूल चाळीस, ऐंशी, एकशे वीस, एकशे साठ. शेड्यूल वाढलं की पाइप बाहेरून तेवढाच दिसतो आणि आतली जागा कमी होते. नुसतं बघून कुणाच्या बापालाही कळत नाही. त्यासाठी माझ्यासारखा माणूस ठेवतात.

चौदा इंचांपासून पुढे मात्र नाव आणि बाहेरचं माप एक होतं. चोवीस इंची म्हणजे बाहेरून खरोखर चोवीस, सहाशे दहा एम.एम. मी ज्या पाइपाबद्दल सांगतोय तो चोवीस इंची होता.

माझं काम जाडी मोजण्याचं. कारखान्यातल्या प्रत्येक पाइपावर ठरलेल्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो. दर सहा महिन्यांनी त्या ठिपक्यावर जेलचा थेंब टाकायचा आणि गेजचा प्रोब टेकवायचा. प्रोब धातूत एक आवाज सोडतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. तो आतल्या कडेवर आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून गेज जाडी सांगतो. एकतीस वर्षं मी हेच करतोय. मी आकडा कधी गोळाबेरीज करून लिहिला नाही, म्हणून अख्खा कारखाना मला दशांश म्हणतो. साहेबसुद्धा. तोंडावर काका म्हणतात, पाठीमागे दशांश.

एकतीस वर्षांत प्रत्येक पाइप पातळच होत गेला. पाणी खातं, गंज खातो, कधी हजारातला एखादा दोन वर्षं तसाच राहतो. जाड होणारा पाइप मी पाहिला नव्हता. तसा पाइप नसतोच.

पंपघराकडून मोठ्या टाकीकडे जाणारी थंड पाण्याची लाइन चाळीस मीटर सरळ जाते, कमरेएवढ्या उंचीवर, लोखंडी पायांवर. तिच्यावर वीस ठिपके आहेत. अकरा नंबरचा ठिपका पंपघरापासून बावीस मीटरवर. मुळात पत्र्याची जाडी ९.५३. दीड वर्षापूर्वी मी तिथे प्रोब टेकवला आणि गेजने १२.७० दाखवलं.

मी जेल पुसलं, पुन्हा टाकलं. १२.७०. माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांचा ठोकळा असतो, त्यावर गेज तपासला, तो अगदी बरोबर. दहा नंबरच्या ठिपक्यावर ९.४, बारावर ९.४. अकरावर १२.७०.

पाइपफिटरांचा मिस्त्री शेजारी उभा होता. तो म्हणाला, "दशांश, पाइपाने बाळसं धरलंय. तीट लावा, दृष्ट लागेल."

आत क्षार बसले असतील, म्हणून आकडा फुगला, असं मी स्वतःला समजावलं. पण क्षार गेजला असे फसवत नाहीत, हे मी इतरांना तीस वर्षं शिकवलंय. साहेबांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "काका, पुढच्या वर्षी तुमच्या सर्टिफिकेटसाठी डोळ्यांची तपासणी आहे ना? आत्ताच करून घ्या." मला राग आला. फार राग आला. टेबलाशी आलो आणि रजिस्टरात लिहिलं, अकरा नंबर, ९.४. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी न वाचलेला आकडा लिहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं.

सहा महिन्यांनी १७.४८ आला. रजिस्टरात मी ९.३ लिहिलं.

पण त्या दिवशी घरी आल्यावर जेवणं सुचेना. शेवटी कपाटातून पाइपांचा तक्ता काढला, जो मला तोंडपाठ आहे, आणि तरी बोट ठेवून बघितला. चोवीस इंची पाइप. १२.७० हा तक्त्यातला एक टप्पा. १७.४८ म्हणजे शेड्यूल चाळीस. अगदी तंतोतंत, दुसऱ्या दशांशापर्यंत. गंज असो, क्षार असोत, आणखी काही असो, ते वाढेल तर वेडंवाकडं वाढेल. तक्ता माणसांनी टेबलाशी बसून ठरवला. तो त्या पाइपाला कुणी शिकवला?

त्यानंतरच्या खेपेला ३०.९६. शेड्यूल ऐंशी. मी रजिस्टरात ९.२ लिहिलं आणि हात धुवायला गेलो.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. आईवडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याची शाळा मी केली, त्याला फिटर मी केला, त्याचं लग्न मी लावलं. माझं स्वतःचं जमलं नाही, राहून गेलं. आम्ही तिघं एकाच घरात राहतो, ते दोघं आणि मी. भावजय तोंडाची फटकळ आहे पण माझं पान वाढल्याशिवाय कधी जेवली नाही. मला दुसरं कुणी नाही.

धाकटा पाइपात शिरणारा माणूस. मोठ्या पाइपाचा जोड आतून दुरुस्त करायचा असला की एक जण पोटावर सरपटत आत जातो, हात पुढे, कपाळाला दिवा, घोट्याला दोर. त्यासाठी किडकिडीत माणूस लागतो आणि न घाबरणारा. धाकट्याचे खांदे बेचाळीस सेंटीमीटर, वजन अठ्ठावन्न किलो, आणि भीती म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. या कामाची एक पद्धत आहे. आतला माणूस प्रत्येक मीटरला आकडा ओरडतो. बाहेरचा माणूस तोच आकडा परत ओरडतो. परत आकडा आल्याशिवाय आतल्याने पुढे सरकायचं नाही. येतानाही तसंच, उलटे आकडे. धाकटा आत असला की बाहेर नेहमी मी.

दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या गेल्या शटडाऊनच्या आधी थंड पाण्याच्या लाइनचा चोवीस मीटरवरचा जोड पाझरायला लागला. आतून घासून नवा वेल्ड मारायचा ठरला. आत शिरायच्या परमिटच्या कागदावर एक रकाना असतो, आतला व्यास. साडेपाचशे एम.एम.च्या खाली असेल तर माणूस आत पाठवायचा नाही, असा आमच्याकडे नियम. साहेबांनी माझं रजिस्टर उघडलं, सगळ्यात ताजा आकडा बघितला, ९.२, वजाबाकी केली आणि पाचशे एक्याण्णव लिहिलं.

गेजचा आकडा खरा धरला असता तर पाचशे अठ्ठेचाळीस आलं असतं. जेमतेम दोन एम.एम.ने परमिट नाकारलं गेलं असतं.

मी तिथेच उभा होतो. साहेबांनी विचारलं, "काका, बरोबर ना?" मी मान डोलावली. खोटं का लिहिलं हे सांगायची मला लाज वाटली. इतकंच कारण होतं, दुसरं काही नाही.

सकाळी चहा पिताना मी धाकट्याला म्हटलं, "बावीस मीटरपाशी जरा जपून. तिथे पाइप अरुंद वाटला तर लगेच मागे फिर."

"चोवीस इंची पाइप मध्येच अरुंद कसा होईल रे दादा?" तो हसला. "तूच शिकवलंस ना, असं नसतं म्हणून?"

"तुमच्या दादांचं वय झालं," भावजय पोळपाट पुसत म्हणाली. "काल मला विचारत होते, भिंत जाड झाली का म्हणून."

मी खरंच विचारलं होतं.

अकराच्या सुमारास तो आत शिरला. लख्ख ऊन होतं, शेडचे दरवाजे उघडे होते, वेल्डरचा रेडिओ चालू होता. पलीकडचं टोक टाकीच्या बाजूने जाड झाकण लावून बंद केलं होतं, आणि या टोकातून हवेची नळी आत सोडली होती. दोर मिस्त्रीच्या हातात. मी पाइपाच्या तोंडाशी.

"एक!"

"एक!"

"दोन!"

"दोन!"

त्याचे बूट दिसेनासे झाले. दिव्याचा पिवळा डाग लांब गेला. दहापर्यंत तो मध्ये मध्ये मिस्त्रीची थट्टा करत होता, दोर जरा प्रेमाने सोड म्हणून. पंधरानंतर नुसते आकडे यायला लागले.

"एकवीस!"

"एकवीस!"

"बावीस!"

"बावीस!" मी ओरडलो, आणि वाट बघितली.

तेवीस आला नाही.

"बावीस," पुन्हा आवाज आला, जरा हळू.

"बावीस! पुढे सरक किंवा मागे फिर!"

"बावीस," तो म्हणाला. जसं एखादा दार उघडून खोलीत डोकावतो आणि स्वतःशी बोलतो, तसं.

मी मिस्त्रीला तोंडाशी उभं केलं, गेज उचलला आणि पाइपाच्या कडेने अकरा नंबरपर्यंत धावलो. जेल टाकलं. प्रोब टेकवला.

३८.८९.

मी बघत असताना आकडा बदलला. ४६.०२.

मी पाइपावर मूठ आपटली. "धाकट्या! मागे फिर! आत्ताच्या आत्ता!"

आवाज माझ्या हाताखालून यायला हवा होता. तो आला पाइपाच्या तोंडाकडून, बावीस मीटर वळसा घालून, आणि त्याहून खूप लांबून.

"दादा, इथे भरपूर जागा आहे."

५२.३७.

"अरे गाढवा, मागे फिर म्हणतोय ना!"

"भरपूर जागा आहे रे. मी उठून बसलोय."

५९.५४. शेड्यूल एकशे साठ. तक्ता तिथे संपतो.

"ओढ!" मी ओरडलो. "मिस्त्री, ओढ दोर!"

एरवी धाकट्याला मिस्त्री एका हाताने ओढून काढायचा. त्या दिवशी ओढता येईना. वेल्डर धावला, दोन हेल्पर धावले, साहेबसुद्धा बूट टेकवून दोराला लटकले. पाच जणांनी मिळून त्याला इंच इंच बाहेर काढलं. सबंध वेळात त्याने एकही आकडा म्हटला नाही. मीच वेड्यासारखा म्हणत होतो, एकवीस, वीस, एकोणीस.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पाइपाच्या तळाशी चिखल होता, आणि त्याचे कपडे कोरडे होते. कपाळाचा दिवा विझलेला. तो उभा राहिला, आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "झालं."

"काय झालं? वेल्ड कुठे मारलास?"

"झालं," तो पुन्हा म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. बाक कुरकुरला.

मी त्याला मिठी मारली. सगळ्यांदेखत मारली आणि रडलो. मला वाटलं, सुटलो. दुपारी पाणी सोडलं तर जोड पाझरत नव्हता. मी अकरा नंबरवर प्रोब टेकवला. गेजवर ९.२ आलं. मी रजिस्टरात मनाने लिहिलेला आकडा. साहेबांनी खांद्यावर थाप मारली. "काका, तुमचं रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड!"

घरी चार-पाच दिवसांनी धाकट्याच्या खुर्चीचा पाय मोडला. मग त्याच्या बाजूची पलंगाची फळी. भावजय म्हणाली, "भाऊजी, यांच्या चपलांचे तळ बघा, आठवड्यात झिजले. आणि जिना चढताना अख्खं घर बोलतं." मी त्याला स्टोअरमधल्या काट्यावर उभं केलं. एक्याण्णव किलो. पण पट्टा त्याच जुन्या भोकात, शर्ट तोच, अंगठीसुद्धा बोटात तशीच फिरत होती. बाहेरून तो जसा होता तसाच होता.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फिल्म पांढरी आली. मशीन बिघडलं म्हणाले आणि दुसऱ्या मशीनवर काढला. तीही पांढरी. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. त्या आठवड्यात न्यायला हवं होतं. धाकट्याने मान हलवून नाही म्हटलं. बोलणं त्याने जवळजवळ सोडलंच होतं. बोललाच तर आवाज बारीक, सुईच्या नेढ्यातून ओढून काढल्यासारखा. जेवणही सुटलं. आधी भात जाईना, मग पेज जाईना, मग चमचाभर पाणी.

एका दुपारी भावजय माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"भाऊजी, ते झोपले की आकडे म्हणतात."

"कसले आकडे?"

"एकच आकडा. परवा एकोणीस म्हणत होते. काल अठरा. मी परत अठरा म्हटलं तर शांत होतात. नाही म्हटलं तर तेच तेच म्हणत राहतात, रडवेले होऊन." ती आत आली. "आणि भाऊजी, तोंड मिटलेलं असतं."

मी तिच्याबरोबर गेलो. खिडकीतून ऊन आत येत होतं. धाकटा पाठीवर झोपला होता. मी पलंगाखाली लोखंडी चॅनल टाकले होते, तेही वाकायला लागले होते. त्याच्या छातीवर कान टेकवला. ठोके ऐकू आले नाहीत. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काहीतरी घासल्याचा आवाज आला, खरबरीत कापड लोखंडावर घासावं तसा. थांबला. पुन्हा आला. तो आवाज मी वीस वर्षं पाइपाच्या तोंडाशी उभं राहून ऐकलाय. मला तो झोपेतही ओळखता येईल.

"सतरा," आतून धाकटा म्हणाला. लांबून, दमलेला. पण तो माझा धाकटा होता, थट्टा करणारा, शहाणा, माझ्या हाताखाली वाढलेला.

"सतरा!" मी ओरडलो. "ये, बाळा. ये."

त्यानंतर आम्ही पाळी लावली. दिवसा मी, संध्याकाळी भावजय. मी कामावर जाणं बंद केलं. कुणी विचारलं तर भाऊ आजारी आहे, एवढंच सांगत होतो. पलंगावर जो पडला होता तो डोळे उघडायचा, आमच्याकडे बघायचा, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. भावजय त्याचं तोंड पुसायची, पायावर पांघरूण घालायची. तो कोण आहे हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

मी गेज घरी आणला. हे सांगताना मला माझीच शिसारी येते, पण आणला. त्याच्या छातीच्या हाडावर जेल टाकून प्रोब टेकवला. लोखंडासाठी लावलेला गेज माणसाच्या अंगावर काही दाखवणार नाही, हे मला कळत होतं. त्याने १७.४८ दाखवलं.

चौदा आला त्या दिवशी २४.६१. दहाला ३०.९६. आतला जवळ येत होता आणि बाहेरचा जाड होत होता. मी तक्ता भिंतीवर लावला आणि रोज बोटाने पुढचा टप्पा दाखवायला लागलो, जणू त्याने थांबावं अशी विनवणी करत होतो. सहाला ४६.०२. भावजयीने विचारलं, "हे किती वाढणार?"

"एकशे साठच्या पुढे तक्ता नाही," मी म्हटलं.

"आणि यांना बाहेर यायला जागा किती लागते?"

मी तक्त्यावरून बोट काढून घेतलं.

मी काहीच केलं नाही असं नाही. मिस्त्रीला बोलावलं. तो आला, छातीला कान लावला, पांढराफटक पडला आणि चपला न घालता गेला. साहेबांना खरं रजिस्टर लिहून पाठवलं, तिन्ही आकडे, सही करून. त्यांनी उलट निरोप पाठवला की काका, विश्रांती घ्या.

तीन. दोन. घासण्याचा आवाज आता कान न लावता ऐकू येत होता. मध्येच धाप लागल्याचा आवाज, मध्येच कण्हणं. एकदा तो आतून म्हणाला, "दादा, मघाशी इथे जागा होती रे."

"हो, बाळा. तू ये."

काल दुपारी तीन वाजता तो म्हणाला, "एक."

"एक!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

गेजवर ५९.५४.

खोलीत ऊन होतं. शेजारी कुणीतरी बादली भरत होतं. भावजय पलंगाच्या उशाशी बसली, मी दुसऱ्या बाजूला.

पलंगावरच्याचे डोळे उघडे होते. तोंड मिटलेलं होतं. मग ओठ विलग झाले, सावकाश, आणि तेवढेच राहिले.

"दादा," आतून आवाज आला. अगदी जवळून. "उजेड दिसतोय."

भावजयीने तोंडावर हात दाबून धरला.

"ये," मी म्हटलं. "ये, हा काय मी इथेच आहे."

घासल्याचा आवाज दोनदा आला. थांबला.

"दादा, उजेड लहान दिसतोय रे. बाहेरून माप घे ना."

मी व्हर्निअर घेतलं. भावजयीने एक हात कपाळावर ठेवला, दुसऱ्याने हनुवटी धरून जबडा खाली केला. तो लोखंडी बिजागरीसारखा जड हलला. जिथवर हलला तिथवर मी माप घेतलं, वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत. दोनदा घेतलं.

"किती?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. भरपूर आहे, असं म्हणायचं होतं.

"एकेचाळीस पॉइंट दोन," मी म्हटलं.

 बाहेर बादली भरून वाहायला लागली, आणि कुणीतरी नळ बंद केला.

"बरं," धाकटा म्हणाला. "आधी हात काढतो."

भावजयीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने गुडघा पलंगाच्या कडेला टेकवला, दोन्ही हातांनी तो जबडा धरला, आणि आणखी खाली ओढला.